मुलांना कडेवर घेऊन जलशाला चला

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांतून मांडव उभे राहतात. गायन पार्टी येते, कव्वालीचा सामना रंगतो, एखादे मंडळ नाटुकलेही बसवते. पण मांडवात नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. जिच्या पदरी दोन-तीन वर्षांचे मूल आहे, ती बाई तिथे नसते. मूल रडेल, लोक वळून बघतील, या धाकाने ती घरीच थांबते. नवरा मात्र पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. अशी चार-पाच वर्षे जातात आणि मग तिची कार्यक्रमाला जाण्याची सवयच मोडते. हे बरोबर नाही, असे आमचे मत आहे.

आपली परंपरा अशी नाही. १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथी गावोगाव जलसे घेऊन गेले. शाळा, पाणवठा, दारू, सावकारी हे विषय त्यांनी ढोलकीवर आणि विनोदी फार्सातून मांडले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना बाबासाहेबांचा विचार या जलशांनी ऐकवला. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) हजारो गीते रचली. ते स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले होते. ही कला उघड्या मैदानात वाढली. तिथे तिकीट नव्हते, खुर्ची नव्हती आणि आईच्या मांडीवरच्या मुलाला मज्जावही नव्हता.

नाट्यगृहाचे दारही आपल्याला परके नाही. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग महाराष्ट्रभर केला. एकटी बाई उभी राहून सावित्रीबाईंचे आयुष्य सांगते, हे आठ-दहा वर्षांच्या मुलीने पाहिले तर धड्यातली सावित्रीबाई तिला खरी वाटू लागते. मुलांच्या नाटकात राजा, परी आणि राक्षसच असावेत असेही नाही. १९८६ च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे यांनी जर्मनीतील ग्रिप्स नाट्यगृहाची पद्धत पुण्यात आणली. या नाटकांत मोठी माणसे मुलांची कामे करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात : घरातली भांडणे, मोठ्यांचे वागणे, मुलांच्या मनातली भीती.

आता प्रश्न उरतो लहान मुलाला सांभाळण्याचा. आमच्या मते थोडी तयारी केली तर तो सुटतो. निघण्यापूर्वी मुलाला पोटभर जेवू घालावे, झोप झालेली असावी. वाटेत त्याला गोष्ट सांगून ठेवावी. जागा कडेची, दाराजवळची धरावी. मूल कंटाळले तर मुकाट्याने बाहेर यावे. अर्धा तास पाहिले तरी पुष्कळ झाले. आणि बाहेर जाण्याची पाळी दोघांनी वाटून घ्यावी. मध्यंतरापर्यंत आईने पाहावे, तोवर बापाने मुलाला फिरवावे, नंतर उलट. पुढच्या वेळी बापाने आधी पाहावे. आई आनंदाने पाहते आहे हे मुलाला दिसणे, हाही एक संस्कारच आहे. मोबाइल खिशात राहू द्यावा. घरी आल्यावर परीक्षा घेऊ नये. काय आवडले, एवढेच विचारावे. पोराने दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा बडवून ढोलकी वाजवली, तर पैसे वसूल झाले असे समजावे.

जिथे पैसे लागतच नाहीत अशीही कला पुण्यात आहे. स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला आपण जयंतीच्या गर्दीत हार घालतो. एखाद्या साध्या दिवशी मुलांना घेऊन जावे आणि निवांत पाहू द्यावे. बाबासाहेब कसे उभे आहेत, कपडे कसे आहेत, नजर कुठे आहे, हे मुलांनाच विचारावे. गंज पेठेतल्या फुलेवाड्यात न्यावे. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही गोष्ट त्या जागी उभे राहून सांगावी.

एखाद्या रविवारी लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याच्या एका विहारात वाद्य वाजवणारी आणि नाचणारी अशा दोन स्त्रिया दगडात कोरलेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ती मैफलच आहे. कार्ल्याचा चैत्य सुमारे ३८ मीटर लांब आहे. तिथल्या शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. वेणुवासाच्या या मुलाने चैत्याचे दार घडवले, म्हणून त्याचे नाव तिथे कोरले गेले. दुसऱ्या लेखात एका अत्तरविक्याचे दान नोंदलेले आहे. ज्या मुलाचा बाप सुतारकाम, गवंडीकाम करतो, त्याला हे नाव जरूर दाखवावे. हातात कसब असलेल्या माणसांनी हे उभे केले, हे त्याला कळले पाहिजे.

शेवटी मंडळांना विनंती. वर्गणीचा मोठा वाटा डीजेच्या भिंतीवर जातो. त्या आवाजात तान्हे मूल थांबू शकत नाही, म्हणजे त्याची आईही थांबू शकत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत घातली आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे. ते पैसे एखाद्या शाहिराला, जलसा मंडळाला द्यावेत. मांडवात पुढे सतरंजी अंथरून ती जागा लहान मुले आणि त्यांच्या आयांसाठी राखून ठेवावी. कार्यक्रम संध्याकाळी लवकर सुरू करावा. एवढे केले तर मांडवातली रिकामी जागा भरेल, आणि पुढचा शाहीर कदाचित त्याच सतरंजीवर बसलेला असेल.