वरचे चार रुपये

आईवडील ऊसतोडीला गेले की नातवंड आजीआजोबांच्या स्वाधीन होते. अंगणवाडीच्या नोंदीतील मोबाईल मात्र आईसोबत फडावर जातो. दीड वर्षाच्या नातवाचा घरपोच आहार आणावयास आजी जाते, तेव्हा ओटीपी परजिल्ह्यात पोहोचतो. जुलै २०२५ पासून चेहरापडताळणीही सक्तीची झाली. तेथे आजीचा चेहरा आईच्या छायाचित्राशी कसा जुळावा?

पूरक आहारासाठी सर्वसाधारण बालकामागे दररोज ८ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये, असा दर २०१७ साली ठरला. या वरच्या चार रुपयांसाठी वजन व उंची पोषण ट्रॅकरवर चढावी लागते. नोंद चुकली, तर हाडे दिसणारे मूलही सरकारलेखी सुदृढच!

तेव्हा दरमहा वजन करून घ्यावे. स्थलांतरापूर्वीच पालक म्हणून आपले नाव व मोबाईल नोंदविण्याची विनंती सेविकेस करावी. तिच्यावर संतापू नये, ते ॲप तिने केलेले नाही. बालकाचे आधार नाही म्हणून आहार नाकारल्यास पर्यवेक्षिकेकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. असा नकार देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले आहे. उन्हाळ्यात माणसे परतली, तरी आपले नाव काढू नये; दिवाळीनंतर गाड्या पुन्हा निघतातच.