गोगलगायींचा शत्रू बाहेरून आणू नका

मृगाच्या पावसावर सोयाबीन उगवलं की लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याला आता ढगांइतकीच शंखी गोगलगायीची धास्ती असते. दिवसा ती ओलाव्याला दडते, रात्री कोवळी रोपं कुरतडते. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत तिने शिवारंच्या शिवारं फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली.

अशा गोगलगायींवरच जगणारे साप जगात आहेत. बिनविषारी, काटकुळे, झाडाझुडपांवर राहणारे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत त्यांच्या कितीतरी जाती आहेत. आशियातले 'पॅरिअस' गटातले साप आपल्या ईशान्येच्या डोंगरातही सापडतात. हा साप शंख फोडत नाही. खालचा जबडा शंखात सारून आतलं मऊ अंग बाहेर ओढतो. बहुतेक शंखांचे वेढे उजवीकडे वळतात, म्हणून जपानमधल्या एका जातीच्या खालच्या जबड्यात उजवीकडे सरासरी 25 आणि डावीकडे 18 दात असतात. एकाच भक्ष्यासाठी शरीर इतकं घडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग हे साप इथे आणून सोडावेत का? माझं उत्तर स्पष्ट आहे, नाही. ही गोगलगाय तरी कुठे आपली आहे? मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या हौशी अभ्यासकाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली, आणि तिथून ती देशभर पसरली. तिच्यावर उतारा म्हणून हवाईत 1955 मध्ये दुसरी, शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिने स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला. पॅसिफिकमधल्या मोरिया बेटावर ती 1977 मध्ये सोडली आणि दहाच वर्षांत तिथल्या 'पार्तुला' गोगलगायी रानातून नाहीशा झाल्या.

आपल्याकडे झाडावर राहणारा बिनविषारी साप म्हणजे रुका. तो सरडे, बेडूक खातो. गोगलगायींचं काम त्याच्याकडून होणार नाही. ते करणारे वेगळे आहेत. भारद्वाज गोगलगायी खातो. काजव्यांच्या अळ्याही त्यांच्यावर वाढतात. या शिकाऱ्यांना बांधावरची झुडपं, पालापाचोळा, ओल लागते. आणि आपण बांध पेटवतो, उरलेल्यावर तणनाशक मारतो. वर गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या वाटेल तशा फेकतो. या गोळ्या कुत्र्यांच्या आणि पाखरांच्या जिवावर उठतात. ब्रिटनने मार्च 2022 अखेर त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. आपण निदान त्या मोजून, जनावरं-कोंबड्यांपासून दूर वापरायला हव्यात.

खरा उपाय कष्टाचा आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी टाकायची, उजाडताच त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवून मारायच्या. एक गोगलगाय शेकडो अंडी घालते, तेही मातीत, म्हणून पहिल्या पावसाबरोबरच वेचणी सुरू व्हायला हवी. एकट्याने वेचून भागत नाही, शेजारच्या वावरातून त्या पुन्हा येतात. तेव्हा पेरणीआधी गावाने एकत्र बसावं, वेचणीचे दिवस ठरवावेत, आणि यंदा बांध पेटवायचे नाहीत हेही त्याच बैठकीत ठरवावं.