मूळ पेशीला घर लागते

गेल्या महिन्यात भिवंडीतल्या आमच्या वस्तीतली एक ताई हातात कागद घेऊन आली. तिचा मुलगा सहा वर्षांचा. जन्मताना रडला नाही, मेंदूला इजा झाली. अजून आधाराशिवाय उभा राहत नाही. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत. कागदावर लिहिले होते : स्टेम सेलची तीन इंजेक्शने, मुलगा चालू लागेल. खर्च चार लाख. गळ्यातले मोडायचे आणि गावाकडची जागा विकायची, असे घरात ठरत आले होते. ताईने एवढेच विचारले, "दादा, खरंच होतं का हो असं?"

मी म्हणालो, यासाठी पैसे देऊ नका. असे का म्हणालो, ते सगळ्यांनाच कळायला हवे.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. अजून ठरावीक कामाला न लागलेली. तिच्यापासून रक्ताची, हाडाची, स्नायूची पेशी तयार होऊ शकते, हे खरे आहे. जाहिरात इथेच थांबते. पुढचे ती सांगत नाही. मूळ पेशी काय होणार हे ती एकटी ठरवत नाही. शेजारच्या पेशी, प्राणवायू, आजूबाजूची जागा मऊ की कडक, हे सगळे मिळून ठरते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अस्थिमज्जेतल्या एकाच प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, जरा घट्ट जेलवर स्नायूच्या, आणि कडक जेलवर हाडाच्या.

शरीर काही प्लास्टिकच्या बशीसारखे सपाट नसते. म्हणून आता पेशी जेलमध्ये चारही बाजूंनी आधार देऊन वाढवतात. याला त्रिमितीय वाढ म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि सहकाऱ्यांनी अशा जेलमध्ये अस्थिमज्जेतल्या घरट्यासारखी रचना उभी केली आणि त्यात रक्ताच्या मूळ पेशी ठेवल्या. सपाट प्लास्टिकपेक्षा तिथली परिस्थिती खऱ्या अस्थिमज्जेच्या जास्त जवळ जाते, असे त्यांनी २०१२ मध्ये मांडले. ही प्रयोगशाळेतली गोष्ट. एक घरटे नीट उभे करायला इतके कष्ट लागतात. मग इजा झालेल्या मेंदूत, जिथे घरच मोडले आहे, तिथे सुईने सोडलेली पेशी आपोआप कामाला लागेल, हे कशाच्या बळावर सांगतात?

उलट, जिथे घर तयार असते तिथे हाच उपचार प्राण वाचवतो. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. देशातले ते पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. शिरेतून दिलेल्या रक्ताच्या मूळ पेशी स्वतः हाडांच्या पोकळीत पोचतात आणि तिथे रक्त तयार करू लागतात. रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल यांवर हा सिद्ध उपचार आहे. विदर्भातून आलेल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे, हे विसरू नका. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची रक्ततपासणी करून घ्या. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी बोरिवलीत मुंबई महापालिकेचे प्रत्यारोपण केंद्र आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूळ पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. त्यानंतर मोजक्या उत्पादनांना सरकारी परवानगी मिळाली, पण ती ठरावीक आजारांपुरती. स्वमग्नतेवर हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही २०२२ मध्ये सांगितले.

कोणी म्हणेल, करून बघायला काय जाते? जाते. घर विकले जाते. सुईतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि सगळ्यात मोठे नुकसान वेळेचे. लहान वयात व्यायामाने जे मिळू शकते, ते चमत्काराची वाट पाहण्यात निसटते. आईबापाच्या आशेवर कोणी धंदा करत असेल, तर त्याला प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

म्हणून तीन गोष्टी विचारा. हा उपचार माझ्या मुलाच्या आजारासाठी मंजूर आहे का, त्याचा कागद दाखवा. ही चाचणी असेल तर तिचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आणि मराठीतले संमतीपत्र द्या. आणि चाचणी असेल तर माझ्याकडून पैसे कशाचे घेता? उत्तर टाळले, की तिथून उठा.

मुलासाठी खरा रस्ता जवळच आहे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. ते मुलांना जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्राकडे पाठवते. तिथे व्यायाम आणि वाचा-उपचार मिळतात. अपंगत्वाचा दाखलाही काढून घ्या.

ताईने गळ्यातले मोडले नाही. मुलगा आता आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जातो. तो चालेल की नाही, याचे वचन तिथे कोणी दिलेले नाही. गेल्या रविवारी मात्र तो भिंतीला धरून उभा होता, आणि ताई त्याच्या समोर हात पसरून बसली होती.