धारोष्ण दुधाचा पेला

मैत्रिणींनो, "गरोदरपणी गोठ्यातलं धारोष्ण दूध प्यावं, उकळलं की कस जातो," हे आपण पुष्कळजणींनी ऐकलेलं आहे. सुटीत गावी गेलं की आजेसासूबाई स्वतःच्या हातानं फेसाळ पेला पुढे करतात. त्यात माया असते, म्हणून नको म्हणवत नाही.

माझ्या मावसबहिणीलाही म्हणवलं नाही. पहिलंच बाळंतपण, म्हणून ती सासरी गावी राहिली होती. रोज सकाळी चरवीतलं दूध तसंच पोटात. पुढे ताप येऊ लागला. चार दिवस यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. रात्री घामानं अंथरूण भिजे, कंबर आणि सांधे ठणकत. कुणी मलेरिया म्हटलं, कुणी टायफॉइड. पाचव्या महिन्यात मूल गेलं. शेवटी शहरातल्या एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का? दूध कच्चं पिता का?" तेव्हा कुठे घरच्यांना आठवलं, की त्याच पावसाळ्यात गोठ्यातली म्हैस गाभडली होती! रक्त तपासलं, तर ब्रुसेलोसिस निघाला.

हा रोग मूळचा जनावरांचा. डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी १८८७ साली माल्टा बेटावर, तापानं मेलेल्या सैनिकांच्या शरीरात त्याचे जंतू शोधले. ते येतात कुठून, हे मात्र १९०५ साली झामिट यांना उमगलं. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून! पुढच्या वर्षी सैनिकांना ते दूध देणं बंद केलं आणि ताप झपाट्यानं ओसरला. गाईंमध्येही असाच जंतू असतो, हे बांग यांनी १८९७ सालीच दाखवलं होतं.

यातली फसवी गोष्ट ध्यानात घ्या. जनावर एकदा गाभडतं, पुढच्या वेताला नीट विततं, छान दूध देतं. पण दुधातून जंतू जातच राहू शकतात. वासावरून, चवीवरून काही कळत नाही. आणि 'धारोष्ण' म्हणजे तरी काय? गाईच्या अंगाची ऊब, अडतीस-एकोणचाळीस अंश. या उबेनं जंतू मरत नाहीत, उलट सुखात राहतात.

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी जनावरांकडून माणसांना होणाऱ्या रोगांचा खास अभ्यास चालतो. त्यातली एक तपासणी तर आपल्या स्वयंपाकघरात शोभावी अशी! नळीत गाईचं दूध घ्यायचं, त्यात रंगवलेले मृत जंतू घालायचे आणि ऊब देऊन ठेवायचं. वर आलेल्या सायीला निळं कडं धरलं, की गोठ्याबद्दल संशय घ्यायचा.

आता आपण काय करायचं?

दूध गवळ्याचं असो वा घरच्या गोठ्यातलं, चांगली उकळी आणा. वर आलं की लगेच गॅस बंद करू नका. आच मंद करून, ढवळत दोन मिनिटं राहू द्या. नुसतं कोमट करून भागत नाही. कस जाईल ही भीती नको. थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, पण प्रथिनं आणि कॅल्शियम राहतात. दही, पनीर उकळलेल्या दुधाचंच करा. चीक कच्चा चाखू नका. खरवस मात्र आतपर्यंत नीट वाफवलेला असला, तर खुशाल खा.

माहेरी-सासरी गोठा असेल तर जनावर गाभडल्यावर वार किंवा मेलेलं वासरू उघड्या हातांनी उचलू नये. रबरी हातमोजे घालावेत, चुना टाकून खोल पुरावं, आणि पशुवैद्यांना बोलवावं. गरोदर बाईनं तिकडे फिरकूच नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना लस टोचून घ्यावी. २०१९ पासून देशभर तशी सरकारी मोहीम सुरू झाली आहे.

आणि घरात कुणाचा ताप असा येत-जात राहिला, तर डॉक्टरांना आपण होऊन गोठ्याबद्दल, कच्च्या दुधाबद्दल सांगा. या रोगावर औषधं आहेत, पण ती साधारण सहा आठवडे नेमानं घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडलीत, तर तो उलटतो.

राहता राहिला आजेसासूबाईंचा पेला! तिथे वाद घालू नका. पेला दोन्ही हातांनी घ्या, चुलीपाशी जा आणि म्हणा, "आजी, तुमच्या हातचं दूध, पण जरा उकळून, वेलची घालून पिते. तुम्हीही घ्या माझ्याबरोबर." माया तीच राहते, बरं का. फक्त पेला थोडा उशिरा ओठांना लागतो.