विषाच्या जुन्या बाटल्यांचे काय करावे?



पऱ्हाटीवर, तुरीवर फवारतात त्या विषाला आपल्याकडे सगळे औषध म्हणतात. मला हे पटत नाही. ताप आल्यावर देतात ते औषध. दोघांचे नाव एकच ठेवले तर लहान पोरांनी ओळखायचे कसे? बाटलीवर रंगाची खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवे सुद्धा विषच, असे गुरुजी म्हणाले.

२०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी व मजूर दगावले. शेकडो लोक आजारी पडले. तेव्हापासून तोंड बांधा, हातमोजे घाला, वारा तोंडावर घेऊ नका, असे सगळे सांगतात. चांगलेच आहे. पण फवारल्यावर जे उरते त्याचे कोणी बोलत नाही.

अर्धी बाटली गोठ्यात खोचलेली असते. बाबांना विचारले तर म्हणतात, "पैसे पडले नं, फेकू कसं? पुढच्या साली कामी येते." पुढच्या साली अळी दुसरीच येते, नाहीतर बाटलीची तारीख निघून जाते. रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर नाहीतर नाल्यात, जिथे ढोरं पाणी पितात. काही मुलं त्या वेचून भंगारवाल्याला देतात. कुठे कुठे डबडं धुऊन त्यात तेल पण भरतात.

बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी १६ जुलै २०१३ ला शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. तेल विषाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, असे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले. ती मुले आपल्याएवढीच होती. आपण पण शाळेतच जेवतो.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे की रिकामे डबे पुन्हा वापरता येतील असे बाहेर टाकू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. पण जो तो आपापल्या वावरात पुरू लागला तर एखादा विहिरीजवळच पुरेल. म्हणून मला वाटते, वेचणी सुरू झाली की वर्षातून एक दिवस गावाने हे सगळे गोळा करावे. ठेवायला कुलपाची, फरशीची खोली हवी, शाळेची मात्र नको. अर्ध्या बाटल्या एकात एक ओतू नयेत, चिठ्ठी फाडू नये. सोड्याची काचेची बाटली दुकानदार परत मागतो. मग कृषी केंद्रवाल्यांनी विषाची का घेऊ नये? त्यांनी ती कंपनीकडे पाठवावी. आपण मुलांनी प्रभातफेरी काढू, पण बाटलीला हात लावायचा नाही.

तोवर मोठ्यांनी एवढे तरी करावे. बाटली जाळू नये, धूर विषारी असतो. रिकामी झाली की वावरातच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे. विष वाया जात नाही म्हटल्यावर बाबांना हे लगेच पटले! मग खिळ्याने बुडाला भोकं पाडावी, म्हणजे तिच्यात कोणी तेल भरणार नाही. आमच्याकडे आता पंपाच्या पट्ट्यालाच खिळा बांधून ठेवला आहे.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, ढाणकी