मागील आंसाचें बीड आणि वेल्डिंग

जुने मालट्रक दुरुस्त करून ते पुनः रस्त्यावर आणण्याचा नाद अलीकडे आमच्या भागांतील कांहीं तरुण शेतकऱ्यांस लागला आहे. नाद वाईट नाहीं. परंतु अशा गाडीच्या मागील आंसाची बिडाची पेटी चिरली असतां ती गांवांतच वेल्डिंगनें सांधून घ्यावी व वर रंग द्यावा, अशी जी रीत पडत चालली आहे, तिला माझा विरोध आहे. माझा जन्म महसूल खात्यांतील कारकुनींत गेला. तथापि जें सांगावयाचें तें घरच्या अनुभवाचें आहे.

माझ्या पुतण्यानें असाच एक ट्रक घेतला. पेटीच्या तळाशीं वीतभर चीर होती. कारागिरानें नेहमींची पोलादी कांडी घेऊन ती एका दमांत भरून काढिली व वर पाणी ओतलें. रात्रीं पडवींत निजलों असतां 'टण्' असा आवाज दोनदां ऐकूं आला. सकाळीं पाहतों तों सांधा शाबूत, पण त्याच्या कडेनें केसासारखी नवी चीर! तिच्यावर लांबी भरून रंग चढला. पुढें यात्रेच्या दिवशीं घरची मंडळी गाडींत बसली असतां त्या रंगावर तेलाची ओल मला दिसली. उताऱ्यावरील खाडाखोड हेरण्याची जन्माची संवय. मीं सर्वांस खालीं उतरविलें.

बिडांत शेंकडा २.५ ते ४ कर्ब असतो व तो बहुतांशीं ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानें पसरलेला असतो. म्हणून बीड दाबास भक्कम, पण ताणास दुबळें. वितळून एकदम निवालें कीं तोच कर्ब लोखंडाशीं संयोग पावतो आणि सांध्याच्या कडेस असा कठीण व ठिसूळ थर होतो कीं, कानस त्यावरून घसरते. कित्येक जुन्या पेट्या तर मॅलिएबल बिडाच्या असतात. तें भट्टींत दीर्घकाळ शेकून चिवट केलेलें असतें. वितळविलें कीं त्या जागचा चिवटपणा गेला. अशा बिडास न वितळवितां पितळेनें सांधणेंच बरें.

बीड सांधतांच येत नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. मुरलेलें तेल जाळून काढावें, चिरेच्या दोन्ही टोकांस छिद्र पाडावें, निकेलची कांडी घ्यावी, एका वेळीं इंचभरच सांधून हलके ठोके द्यावे व हात लावण्याइतकें निवेपर्यंत थांबावें. झांकणें, कव्हरें यांस हा उपाय खुशाल करावा.

पेटीची गोष्ट निराळी. मोठ्या मालट्रकांत बहुधा आंतील दांडा केवळ चाक फिरवितो. गाडीचें आणि मालाचें ओझें पेटी व तिच्या दोहों बाजूंच्या नळ्या वाहतात. दोन विटांवर फळी ठेवून मध्यें उभें राहिलें असतां फळीची खालची बाजू ताणते, तशीच पेटीचीही. आणि बिडाला नेमका ताणच सोसत नाहीं. दांडा मोडला तर गाडी अडेल. पेटी मोडली तर चाकें जाग्यावर राहतील, याची शाश्वती कोण देणार?

जुने भाग मिळत नाहींत, असें तरुण मंडळी म्हणतात. तें खरें आहे. मग मिळेपर्यंत गाडी उभी राहूं द्यावी.

आमची सात महिने चिंचेखालीं उभी होती, व त्यांतील बराच काळ पुतण्या माझ्याशीं धड बोलत नसे. अखेर मोडींत निघालेल्या एका गाडीची पेटी मिळाली; जुनी भंगारवाल्यानें किलोच्या भावानें नेली. नेण्यापूर्वीं मीं त्या सांध्यावर घण घालविला, कीं ती दुसऱ्या कोणाच्या गाडीखालीं जाऊं नये. दुसऱ्याच घावास ती सांध्याच्या कडेनें दुभंगली.