तो रानपिंगळा नव्हता

तेलगावात आमच्या घरामागच्या लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. मागच्या हिवाळ्यात त्यातल्या एकाचा फोटो काढून मी अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅपनं दोन नावं सुचवली. वर पिंगळा, खाली रानपिंगळा. मी खालचं निवडलं, कारण ते दुर्मीळ होतं. ‘बीड जिल्ह्यात रानपिंगळा!’ अशी पोस्ट टाकली आणि लाइक मोजत बसलो. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, “भाऊ, डोक्यावर ठिपके दिसतायत की!”

दिसत होते. मलाही सकाळीच दिसले होते.

पोस्ट मी काढून टाकली. तोवर ती चार ग्रुपांत फिरली होती. “जाऊ दे रे, पोरं पक्षी बघतायत हेच खूप,” असं मला बरेच जण म्हणाले. मला हे पटत नाही. एका खोट्या नोंदीनं काय होतं, ते याच पक्ष्याच्या बाबतीत घडून गेलंय.

रानपिंगळ्याचं वर्णन ह्यूमनं १८७३ साली केलं. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसननं खानदेशात त्याचा नमुना मिळवला आणि त्यानंतर तो दिसेनासा झाला. पण संग्रहालयात एक नमुना नंतरचा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : १९१४, मांडवी, गुजरात. खाली नाव होतं कर्नल मायनर्ट्झहागन यांचं. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला. तो डेव्हिडसनचाच होता. कर्नलनं तो चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावली होती. ती खोटी जागा बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या ठिकाणी शोधत फिरले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात भरदिवसा रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

कर्नलला प्रतिष्ठा हवी होती, मला लाइक. फरक फार नाही.

रानपिंगळा ओळखणं अवघडही नाही. जेमतेम वीतभर पक्षी. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट. पण पिसांइतकंच त्याचं वागणं बघावं लागतं. तो दिवसा उघड्या फांदीवर बसून शिकार करतो, शेपटी झटकतो. त्याला सागाचं पानगळीचं जंगल लागतं. आमच्या गावात साखर कारखाना आहे, ऊस आहे, कापूस आहे. तसं जंगल कुठाय? हा प्रश्न अ‍ॅपनं नाही, मी स्वतःला विचारायला हवा होता.

पक्षी दुर्मीळ असला की खोट्या नोंदीचा फटका जंगलाला बसतो. “तो तर बीडातही दिसतो,” असं एकदा पसरलं की तोरणमाळ, यावल, मेळघाटातला साग कशाला राखायचा? २०१८ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला, तो नवनव्या ठिकाणच्या खऱ्या नोंदी मिळाल्या म्हणून. खऱ्या नोंदीला इतकं वजन असेल, तर खोटीलाही असणारच.

आणि साध्या पिंगळ्यानं काय पाप केलंय? आमच्याकडे भल्या पहाटे कुडमुडं वाजवत पिंगळा जोशी दारात यायचा. पिंगळ्याची भाषा कळते म्हणायचा. भविष्य खरं असो-नसो, त्याला निदान ऐकायचं तरी असतं हे माहीत होतं. आपण फोटो काढतो, नाव घेतो आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतो.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. चुकलात तर नुसती पोस्ट उडवू नका, जिथं चूक केली तिथंच ‘चुकलो’ लिहा. मी तेव्हा लिहिलं नव्हतं. आज लिहितोय : तेलगावात रानपिंगळा नाही. पिंगळा आहे, लिंबाच्या ढोलीत, दोन पिल्लांसह.